उतरंडीचं माप: नववीच्या इतिहास प्रकल्पाच्या नोंदी

14 नोव्हेंबर

प्रकल्पाचा पहिला तास. ‘प्राचीन संस्कृतींतली समाजरचना’ असा विषय सांगितल्याबरोबर दोन गटांनी एकच चित्र काढून आणलं. त्रिकोण, टोकाला राजा, त्याखाली पुरोहित, मग सैनिक, व्यापारी, कारागीर आणि तळाला शेतकरी व गुलाम. एका चित्रावर ‘इजिप्त’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘सुमेर’. नावांची अदलाबदल केली असती तरी काही बिघडलं नसतं. मीही अठरा वर्षं हाच त्रिकोण फळ्यावर काढत आले आहे.

मुलांना विचारलं, तळाच्या माणसाला महिन्याला किती धान्य मिळायचं? टोकाच्या माणसाचं घर केवढं होतं? डोळा गेला तर कुणाला किती भरपाई? त्रिकोणात यातलं काहीच सापडेना. तेव्हा फळा पुसला आणि ठरवलं, यंदा जे मापता येतं तेच मांडायचं: धान्य, जागा, चांदी, मजुरीचे दिवस. त्रिकोणाऐवजी आपल्याच घरातला शब्द घ्यायचा, उतरंड, म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी खरी उतरंड पाहिलेली नाही. एकीच्या आजीकडे अजून आहे, तिच्यात बियाणं आणि चिंच असते.

प्रदर्शन 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला. सात आठवडे हातात आहेत.

17 नोव्हेंबर

ठिकाणं ठरली: मेसोपोटेमिया, इजिप्त, मोहेंजोदडो, नाशिकची लेणी आणि आपल्याच तालुक्यातलं इनामगाव. रोम आणि चीन सोडले. मुलं थोडी हिरमुसली, पण पाच ठिकाणं नीट झाली तरी खूप आहे.

21 नोव्हेंबर

हम्मुराबीचा दिवस. हा बाबिलोनचा राजा, इ.स.पू. 1792 ते 1750. त्याच्या कायद्यांचा काळा दगड 1901 साली इराणमधल्या सुसा इथे फ्रेंच उत्खननात सापडला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कायदे 282 धरले जातात. त्यांत माणसाचे तीन प्रकार: अविलुम म्हणजे प्रतिष्ठित स्वतंत्र माणूस, मुश्केनुम म्हणजे त्याच्या खालचा पण गुलाम नसलेला, आणि वर्दुम म्हणजे गुलाम.

मुलांना ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ तेवढं ऐकून माहीत होतं. पूर्ण कलमं वाचून दाखवली. अविलुमनं दुसऱ्या अविलुमचा डोळा फोडला तर त्याचाही डोळा फोडायचा. मुश्केनुमचा फोडला तर एक मिना चांदी, म्हणजे साधारण अर्धा किलो. गुलामाचा फोडला तर त्या गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, ती रक्कम गुलामाला मिळायची का?” मालकाला, म्हटल्यावर वर्ग गप्प झाला.

मग खरं काम निघालं ते वैद्याच्या फीमध्ये. जिवावरची शस्त्रक्रिया करून वाचवलं तर अविलुमकडून 10 शेकेल चांदी, मुश्केनुमकडून 5, गुलामासाठी त्याच्या मालकाकडून 2. मुलांना हे फार न्यायाचं वाटलं, ज्याच्याकडे जास्त त्यानं जास्त द्यावं. मी 273वं कलम फळ्यावर लिहिलं. रोजानं लावलेल्या मजुराला वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत दिवसाला 6 ‘शे’ चांदी, पुढं 5. शे म्हणजे जवाचा दाणा. असे 180 शे मिळून एक शेकेल. गणित मुलांनीच केलं. 5 शेकेल म्हणजे 900 शे, म्हणजे चढ्या दरानंही 150 दिवसांची मजुरी. अविलुमची फी 300 दिवसांची.

एक मुलगा बराच वेळ वहीत डोकं घालून बसला होता. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं. तास संपल्यावर तो येऊन म्हणाला, “म्हणजे मजूर आजारी पडला तर पाच महिने मजुरी जाणार, आणि त्या पाच महिन्यांत तो आजारीच असणार.” हे वाक्य जसंच्या तसं फलकावर घ्यायचं, असं मी त्याला सांगितलं. (खालचा थर म्हणजे सगळे गरीबच, असं मुश्केनुमबद्दल म्हणता येत नाही. त्यांच्यातल्या काहींकडे स्वतःचे गुलाम होते, कायद्यातच तसं येतं. हेही त्याच फलकावर यायला हवं.)

25 नोव्हेंबर

आज बाजरी मापली. एका पालकांनी दोन कट्टे उसने दिले, प्रदर्शन होईपर्यंत शाळेतच ठेवा म्हणाले.

सुमेरमधल्या उर या शहराच्या तिसऱ्या राजघराण्याच्या काळात, इ.स.पू. 2100 च्या सुमारास, राज्याच्या आणि मंदिरांच्या कामावरच्या माणसांना महिन्याला जव मोजून मिळायचे. मातीच्या पाट्यांवर त्याच्या याद्या आहेत. माप ‘सिला’, म्हणजे जवळजवळ एक लिटर. पुरुषाला साधारण 60 सिला, बाईला 30. मुलांना वयाप्रमाणे त्याहून कमी. यांतल्या पुष्कळ बाया सरकारी विणकामावर होत्या, लोकरीचं कापड विणायच्या, आणि पोरं त्यांच्यासोबतच यादीत असत.

रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या धुऊन घेतल्या होत्या. व्हरांड्यात ताडपत्री अंथरली. पुरुषाच्या तीन बादल्या ओतल्या, ढीग गुडघ्याच्या जवळ आला. बाईच्या दीड बादलीचा ढीग बाजूला. आकडे पंधरा मिनिटं फळ्यावर होते तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. ढीग पडल्यावर सगळी एकदम वाकून बघायला लागली. दोन मुली बाईच्या ढिगापाशी उकिडव्या बसून दाण्यांतून हात फिरवत राहिल्या.

एक जण म्हणाला, “बायांना भूक कमी लागत असंल.” त्यावर त्या दोघींतली एक म्हणाली, “भुकेचा काय संबंध? आमच्या आईची खुरपणीची हजेरी पण बाप्यांपेक्षा कमीच असती. सकाळी एकाच टेम्पोतून जातेत आणि एकाच टेम्पोतून येतेत.”

मी त्यावर काही जोडलं नाही. वहीत लिहून घेतलं.

ताडपत्रीवरचा दाणा न् दाणा मुलांनी झाडून घेतला. कट्टे पुन्हा शिवून प्रयोगशाळेत ठेवले, उंदरांच्या भीतीनं बाकावर.

26 नोव्हेंबर

उरच्या राजेशाही दफनभूमीचं काय करायचं? लिओनार्ड वूली यांनी 1922 पासून बारा वर्षं तिथे खोदकाम केलं. राणी पुआबीचं सोनं मुलांना फार आवडलं आहे. एका खड्ड्यात 74 सेवक आपल्या मालकासोबत पुरलेले सापडले, त्यांत 68 बाया. सोन्याचा फोटो लावला की लोक त्यापुढेच उभे राहतील आणि बाजरीकडे कुणी बघणार नाही. शेवटी फोटो न लावता काळ्या कागदावर पांढऱ्या खडूचे 74 ठिपके काढायचं ठरलं.

30 नोव्हेंबर

मैदानावर इजिप्त आखलं. खेळाच्या सरांनी फक्कीची पोती आणि लांब टेप दिला, वर स्वतः येऊन कोपरे काटकोनात काढून दिले.

राजा सेनुस्रेत दुसरा याच्या पिरॅमिडच्या कामासाठी इ.स.पू. 1880 च्या सुमारास लाहून इथे एक वस्ती वसवली गेली. फ्लिंडर्स पेट्री यांनी 1889 मध्ये ती खोदायला घेतली. वस्तीच्या मधून एक जाड भिंत जाते. भिंतीच्या एका बाजूला दोनशेहून जास्त लहान घरं दाटीवाटीनं, दुसऱ्या बाजूला दहाएक वाडे. एक वाडा साधारण 60 मीटर लांब, 42 मीटर रुंद. त्या वाड्यांतल्या कोठारांत हजारो माणसांना वर्षभर पुरेल इतकं धान्य मावत होतं, म्हणजे भिंतीपलीकडच्यांचं रेशनही तिथूनच सुटत असणार.

60 बाय 42 आखायला घेतलं तर कबड्डीचं मैदान, झेंड्याचा कट्टा आणि लिंबाचं झाड, सगळं आत आलं. मुलं रेषेवरून चालत चक्कर मारून आली. मग आत एका कोपऱ्यात मी कामगाराचं घर आखायला सांगितलं, 5 बाय 14, म्हणजे 70 चौरस मीटर. 2520 भागिले 70, छत्तीस. छत्तीस घरं एका वाड्यात.

2 डिसेंबर

चूक झाली आहे. 70 चौरस मीटर हा आकडा लाहूनचा नाही. तो देइर एल-मदिना या गावचा आहे, जिथे राजांच्या थडग्यांवर काम करणारे कारागीर राहायचे, आणि ते गाव जोमात होतं इ.स.पू. 1200 च्या आसपास. मध्ये सहा-सात शतकं गेली. शिवाय हे लोक तळाचे नव्हते. निष्णात दगडकाम करणारे, चित्रं काढणारे, त्यांच्यातले बरेच लिहिणारे-वाचणारे. सकाळी वर्गात सांगितलं की छत्तीसचा आकडा खोडा. मुलांना वाईट वाटलं, तो त्यांचा लाडका आकडा झाला होता. एकीनं विचारलं, “थोडं इकडं तिकडं चालत नाही का?” नाही चालत. उतरंड मापायची म्हटल्यावर माप खोटं नको.

आता मैदानावर फक्त लाहूनचा वाडा आणि ती भिंत राहील.

3 डिसेंबर

चुकीच्या निमित्तानं देइर एल-मदिना गळ्यात पडलं ते बरंच झालं. तिथली मजुरी लिखित आहे. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती धान्य (चार गहू, दीड जव), मुकादमाला साडेसात. एक पोतं म्हणजे साधारण 77 लिटर. म्हणजे कारागिराच्या घरात सव्वाचारशे लिटरच्या जवळ धान्य यायचं. सुमेरच्या 60 लिटरशेजारी हा आकडा ठेवायचा मोह होतो, पण ते एका माणसाचं रेशन आणि हा अख्ख्या घराचा पगार. त्यातूनच बाजारहाटही व्हायची. एका फलकावर दोन्ही आले तर खाली हे मोठ्या अक्षरांत लिहायचं.

मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही की मुकादम आणि कारागीर यांच्यात फरक दीडपटही नाही. गावाच्या आतली उतरंड बुटकी आहे. गावाबाहेर मात्र तिला अंत नाही: वर वजीर आणि फॅरो, खाली पाणी वाहणारे आणि लाकूड तोडणारे. दळणासाठी सरकारनं लावून दिलेल्या दासी असत. त्यांच्या दळणाचे दिवस घरोघरी वाटलेले असत. दासीचा दिवससुद्धा वाटून घेण्याची वस्तू होता.

आणि संप! रामसेस तिसरा याच्या 29व्या वर्षी, इ.स.पू. 1157 च्या सुमारास, रेशन थकलं म्हणून हे कारागीर काम टाकून दफनभूमीच्या भिंती ओलांडून गेले आणि मंदिराच्या मागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, अंगावर कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फॅरोला कळवा, असं त्यांचं म्हणणं त्यांच्याच लेखनिकानं पपायरसवर टिपून ठेवलं. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. वाचून दाखवताना माझाच आवाज जड झाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तळाजवळच्या माणसांचं बोलणं असं क्वचितच हाती लागतं. बाकी सगळीकडे आपण त्यांच्याबद्दल मालकाच्या हिशेबावरून बोलतो.

संपाचं नाट्यवाचन करायचं ठरलं. लेखनिकाच्या भूमिकेसाठी भांडण झालं, फॅरो कुणालाच नको होता.

8 डिसेंबर

नात्यातल्या लग्नाला नाशिकला गेले होते, ती संधी साधून पहाटे पांडवलेणी चढले. त्रिरश्मी डोंगर, उन्हं यायची होती.

तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा लेख. नातू पुळुमावी याच्या 19व्या वर्षी आजीनं कोरवलेला, आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगणारा. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्यात ‘खतिय-दप-मान-मदन’ आहे, क्षत्रियांचा दर्प आणि मान उतरवणारा. आणि ‘विनिवतित-चातुवण-संकर’, चार वर्णांची सरमिसळ थांबवणारा. मातेचं नाव लावणारा राजा, मातेचा लेख, आणि कौतुक कशाचं तर वर्ण वेगळे ठेवल्याचं. त्या भिंतीपुढे मी बराच वेळ उभी होते. त्याच लेखात द्विज आणि ‘अवर’, म्हणजे खालच्या लोकांचीही कुटुंबं त्यानं वाढवली, असं म्हटलं आहे. खालचे म्हणजे खालचेच, पण ते लेखात मोजलेले आहेत.

मग दहावं लेणं. इथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख. त्यानं 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले: 2000 एका विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, 1000 विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजानं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. तिथेच वहीत हिशेब केला. महिन्याला 20, वर्षाला 240, बारानं भागलं की वीस. बरोबर जुळतो! राजाचा जावई विणकरांवर विश्वास टाकून पैसे ठेवतो, आणि व्याज कधीही बुडणार नाही असं गृहीत धरून दगडावर कोरतो.

एकाच डोंगरावर या दोन गोष्टी. दोन्ही लेणी पायी दोन मिनिटांवर.

12 डिसेंबर

मोहेंजोदडोवर आज वर्गात जोरदार वाद झाला. मुलांना राजा हवा आहे. पुस्तकातला ‘पुरोहित राजा’ दाखवून म्हणतात, हा काय! मी पट्टी घेऊन साडेसतरा सेंटिमीटर दाखवले. तेवढीच मूर्ती आहे, आणि ‘पुरोहित राजा’ हे नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलं. नक्की राजवाडा म्हणावा अशी इमारत नाही, सोन्यानं भरलेलं राजाचं थडगं नाही. शहरात जवळपास 700 विहिरी असाव्यात असा अंदाज आहे. पाणी कुणा एकाच्या ताब्यात नव्हतं.

पण मग सगळे समान होते का? मुलांतच दोन तट पडले. विरोधी तटानं चांगली बाजू मांडली: घरं लहान-मोठी आहेत, काही घरांत स्वतःची विहीर आहे, काहींना गल्लीतल्या विहिरीवर जावं लागे, आणि बांगड्या कुणाच्या शंखाच्या तर कुणाच्या साध्या मातीच्या. मला हे पटलं. फरक होता, त्याची उंची कमी होती, किंवा मिरवायची रीत वेगळी होती. लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे तिथला एकही मजूर आपल्याशी बोलत नाही.

याच तासात घरांच्या आकारावरून विषमता मोजायची रीत सांगितली. 0 म्हणजे सगळ्यांची घरं सारखी, 1 म्हणजे सगळं एकाकडे. 2017 मध्ये संशोधकांनी या रीतीनं जगभरच्या जुन्या वस्त्या तपासल्या, तेव्हा शिकार-संकलनावर जगणाऱ्यांत हा आकडा 0.17, लहान बागायत करणाऱ्यांत 0.27 आणि मोठी शेती करणाऱ्यांत 0.35 आला. मुलांनी लगेच आपल्या आळीतली घरं पावलांनी मोजायला घेतली. ते प्रदर्शनात मांडायचं नाही, असं मी बजावलं. कुणाचं घर केवढं हे भिंतीवर लागायला नको.

16 डिसेंबर

इनामगाव. घोड नदीच्या काठचं, आपल्या तालुक्यातलं, तरी मुलांना वाटतं इतिहास म्हणजे लांबची गोष्ट. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं तिथे खोदकाम केलं. इ.स.पू. 1600 ते 700 एवढा काळ तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मुख्य पीक जव. म्हणजे सुमेरच्या बादलीतलं आणि आपल्या नदीकाठचं धान्य एकच!

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर, त्याच्या जवळ धान्याचं कोठार. कुंभार, सोनार असे कारागीर वस्तीच्या कडेला. मोठ्या माणसांना सहसा जमिनीत आडवं पुरत, आणि पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले असत. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत. पण इ.स.पू. 1000 च्या सुमाराचा एक पुरुष त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पाय असलेल्या फुगीर रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. त्याचे पाय शाबूत आहेत.

एक मुलगी म्हणाली, “मेल्यावर पण पाय ठेवायची परवानगी मोठ्यालाच.” पाय का तोडत, याचं कारण आपल्याला माहीत नाही, हे मी तिला सांगितलं, मेलेला परत चालत येऊ नये म्हणून असावं, असा एक तर्क आहे. पण फरक केला होता एवढं हाडांवरून दिसतं, आणि तिचं वाक्य त्यापलीकडे गेलेलं नाही.

20 डिसेंबर

मडक्यांसाठी कुंभारकाकांकडे गेलो. संक्रांतीच्या सुगडांची घाई चालली होती, अंगणभर काळी-लाल सुगडं वाळत. काका म्हणाले, उतरंड कुणी मागून वीस वर्षं झाली असतील. आमच्या यादीकडे बघून त्यांनी विचारलं, “खाली किती वजन येणार?” मग समजावलं: खालच्या मडक्याचा काठ जाड ठेवावा लागतो, भाजणी पक्की लागते, नाहीतर वरची भरली की ते काठाला तडकतं. वरची मडकी पातळ घडवली तरी चालतात. पैसे घेताना सुगडांचेच दर लावले, शाळेचं काम म्हणून.

29 डिसेंबर

मांडणी. हम्मुराबीची तीन मडकी एकावर एक. लाहूनची दोन, मध्ये पुठ्ठ्याची भिंत. मोहेंजोदडोची मडकी एका फळीवर शेजारी शेजारी, आकारानं थोडी लहान-मोठी. इनामगावच्या एका मडक्याला मुलांनी मातीचे चार पाय लावले.

नाशिकपाशी अडलो. बलश्रीच्या लेखाप्रमाणे चार मडक्यांची उतरंड रचली, तर विणकरांच्या श्रेणींचं मडकं कुठे ठेवायचं? खाली ठेवलं तर त्यात 3000 नाणी आहेत, वर ठेवलं तर लेखाशी खोटं होतं. कार्ल्याच्या चैत्याचा दरवाजा करणारा धेनुकाकटचा सुतार आणि कान्हेरीला वाट बांधून देणारा कल्याणचा लोहार यांचीही नावं दगडावर आहेत. मुलांनी सुचवलं ते घेतलं: विणकरांचं मडकं बाजूला वेगळ्या पाटावर, काठोकाठ चिंचोक्यांनी भरलेलं. चिंचोके मोजून 3000, तीन दिवस मधल्या सुट्टीत मोजत होती.

एका सहकाऱ्यानं सुचवलं की वर्णाचा फलक नकोच, उगाच कुणाला लागेल. मी ठेवला. लेखातले शब्द आणि त्यांचा अर्थ, जसेच्या तसे. वर्गात बसणारी मुलं रोज ज्या गोष्टीला सामोरी जातात ती दोन हजार वर्षांपूर्वी राजाच्या स्तुतीत कोरली गेली होती, हे त्यांना शाळेत कळायला हवं. बाहेर ते वेगळ्या सुरात कळतं.

3 जानेवारी

सकाळी सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालून प्रदर्शन उघडलं. दुपारपर्यंत चार वर्ग, पालक, शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं. संपाच्या वाचनाला टाळ्या पडल्या. ‘आजारी मजूर’ फलकापुढे एक आजोबा चष्मा पुसत दोनदा वाचून गेले. खुरपणीला जाणाऱ्या त्या आईही आल्या होत्या, हजेरी बुडवून. दोन ढिगांपाशी थांबल्या, लेकीनं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “नावं हायेत का त्या बायांची?” काही याद्यांत आहेत, म्हटलं. पुढच्या वेळी नावं शोधून लावायची, हे वहीत लाल शाईनं लिहिलं आहे.

संध्याकाळी बाजरी परत करायची म्हणून मुलांनी ढीग पुन्हा मापून भरले. पुरुषाचा 56 लिटर भरला आणि बाईचा 34. दिवसभरात कुणीतरी, बहुधा पुष्कळ जणांनी, मूठ मूठ इकडून तिकडे टाकली होती. कोण ते मी विचारलं नाही.